चौदा पॅच आणि एक जुनं उत्तर

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, अंगणातला बर्फ खिडकीच्या कठड्याला टेकलेला असताना, माझ्या ड्रायव्हरसाठी एकदम चौदा पॅच आले. ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे. एक जुनं कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यात दुभाष्याचं काम करणारा दोन हजार ओळींचा प्रोग्रॅम. ते कार्ड आठ तारांवरून लांबच्या यंत्रांचे आकडे गोळा करतं, पाण्याची पातळी, वारा, तापमान असले. ते बनवणारी आमची होटन गावातली कंपनी बंद पडून वीस वर्षं झाली. कार्डं मात्र जगात कुठे कुठे अजून तग धरून आहेत, आणि ती आहेत तोवर ड्रायव्हरमध्ये कुणी बदल सुचवला की तो तपासून हो किंवा नाही म्हणायचं काम माझ्याकडे आहे. पगार नाही, सुट्टी नाही. असे सुचवलेले बदल म्हणजे पॅच, वर्षाकाठी दोन-तीन आले तरी खूप.

त्यामुळे चौदा बघून मी आधी कॉफीचं भांडं पुन्हा भरलं.

पाठवणारी कुणी डेल्फीन थिबोडो होती, न्यू ब्रन्सविकची. नाव कधी ऐकलेलं नव्हतं. तिने ड्रायव्हरमधले सगळे संदेश साफसूफ केले होते. यंत्रात काही घडलं की ड्रायव्हर नोंदवहीत एक ओळ लिहितो, ते संदेश. दोन ओळींत तुटलेली वाक्यं तिने एका ओळीत आणली होती, म्हणजे शोधणाऱ्याला ती सापडावीत. शुद्धलेखन सुधारलं होतं. शेवटचे पूर्णविराम काढले होते. आणि संदेश छापायची जुनी पद्धत बदलून नवी घातली होती, ज्यात प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कार्डाचं नाव आपोआप येतं.

असले पॅच आमच्या जगात फारसे कुणाला आवडत नाहीत. नवशिके हात साफ करायला हेच उचलतात. काम काही बदलत नाही, नुसती रंगरंगोटी, आणि तपासणाऱ्याचा आठवडा जातो. तरी मी एकेक उघडून वाचत गेलो. आठव्यापर्यंत माझी काही तक्रार नव्हती. नववाही डोळ्यांखालून घातला आणि ठीक म्हणून टाकला. दहाव्यापाशी अडलो.

दहाव्यात तिने नॅडीनची वाक्यं काढली होती.

१९९७ साली हा ड्रायव्हर दोघांनी लिहिला. कार्डाशी बोलणारा भाग माझा, आणि माणसाशी बोलणारा नॅडीन प्रूइटचा. कंपनीत यायच्या आधी नॅडीन रस्ते विभागाच्या वायरलेसवर बसायची. जानेवारीच्या वादळात बर्फ सारणाऱ्या गाड्या रस्त्यावर असायच्या, समोरचं बॉनेट दिसत नसायचं, आणि त्या सगळ्या ड्रायव्हरांच्या कानात हिचा आवाज. सहा हिवाळे तिने ते केलं. मग संध्याकाळच्या वर्गांना जाऊन प्रोग्रॅमिंग शिकली आणि आमच्याकडे आली. आमचं ऑफिस तेव्हा एका जुन्या शाळेत होतं, दुसरीच्या वर्गात. फळ्याखालची खुंट्यांची रांग गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि आम्ही मोठी माणसं वाकून तिथे कोट टांगायचो. शुक्रवारी चर्चमधल्या बायका मोठ्या करंजीसारख्या पेस्टी विकायच्या, आत मांस, बटाटा आणि रुटाबागा, म्हणजे सलगमासारखा एक कंद. नॅडीन दोन आणायची, स्वतःच्यातला रुटाबागा वेचून माझ्या ताटलीत टाकायची.

मी संदेश लिहायचो ते असे: 'चूक क्रमांक सतरा.' ती माझ्या खांद्यावरून वाचायची आणि म्हणायची, "अरे, हे कोण वाचणार आहे, तुला ठाऊक आहे का? पहाटेपासून उपाशी असलेला, पाय ओले झालेला, बॅटरी तोंडात धरून कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला माणूस. त्याला तू सतरा म्हणून काय सांगतोस?"

मग ती लिहायची. 'केबल खरंच आत गेली आहे का? हाताने ओढून बघा.' 'आकडे येताहेत, पण त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.' आणि सगळं जुळून आलं, की एकच ओळ: 'सगळं ठीक. ऐकतोय.'

ती ओळ पहिल्यांदा पडद्यावर उमटली तेव्हा आम्ही पोर्टेज कालव्यावरच्या एका नौकाघरात होतो. एप्रिल असूनही कालव्यात बर्फाचे तुकडे होते. तीन आठवडे कार्ड मुकं बसलेलं. नॅडीन फळ्यांवर पालथी पडून पाण्यात तार सोडत होती, मी आत पडद्यासमोर. 'सगळं ठीक. ऐकतोय.' मी ते मोठ्याने वाचलं. बाहेरून उत्तर आलं नाही. जाऊन बघितलं तर ती तशीच पालथी, हसत होती, ओठ निळे पडलेले.

तर ती ओळ डेल्फीन थिबोडोने काढून टाकली होती. कारण म्हणून खाली लिहिलं होतं: नीट चालणाऱ्या ड्रायव्हरने गप्प राहावं.

नियम तोच आहे, आणि मला तो पाठ आहे. तरीही मी तिला उत्तर लिहिलं ते आता वाचवत नाही. पहिले नऊ ठीक आहेत, पुढच्यांची गरज काय, सत्तावीस वर्षं चाललंय ते बिघडवण्यात काय हशील, अशा थाटाचं. आमची ही चर्चा मेलिंग लिस्टवर होते, उघड्यावर. जगात कुणीही वाचावी आणि ती कायमची राहावी अशी.

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. अदबीने लिहिलेलं, कुठेही आवाज न चढवता. ती फंडीच्या खाडीकाठी भरती-ओहोटीच्या मापकांची देखभाल करते. तिच्या एका मशीनमध्ये आमची चार कार्डं आहेत आणि प्रत्येक कार्ड एका वेगळ्या किनाऱ्याकडचं ऐकतं. तिने लिहिलं होतं:

"तुमचा ड्रायव्हर सांगतो, केबल ओढून बघा. वाचून मला बरं वाटतं, कुणीतरी आपली काळजी करतंय असं. पण चारांपैकी कुठली केबल, ते तो सांगत नाही. इथे ओहोटीचे तीन तास मिळतात, तेवढ्यात मापकापर्यंत चिखलातून जाऊन परत यायचं. या हिवाळ्यात मी तीनदा चुकीच्या किनाऱ्यावर गेले. शब्द तुम्हाला ठेवायचे असतील तर ठेवा. नाव मात्र हवं."

मी खुर्चीत मागे टेकलो. बाहेर शेजारचा रोल्फ छपरावरचा बर्फ खाली ओढत होता, त्याचे धप्प धप्प आवाज येत होते. आमच्या संदेशांत कार्डाचं नाव कधीच कसं आलं नाही, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. सुरुवातीला मशीनमध्ये एकच कार्ड बसायचं, हे खरं. पण पुढे? कुणीच कसं सुचवलं नाही?

म्हणून मी लिस्टचे जुने गठ्ठे उपसायला बसलो. २००४, २००७, २००९. आणि २०११च्या ऑक्टोबरात मला नॅडीनचा पॅच सापडला.

तोवर कंपनी बुडाली होती आणि नॅडीन नवऱ्याबरोबर आमच्या समुद्राएवढ्या तलावाच्या वरच्या अंगाला, थंडर बेला राहायला गेली होती. एकच पॅच होता, छोटा. सगळ्या संदेशांआधी कार्डाचं नाव यावं एवढाच. खाली तिने कारण लिहिलं होतं: 'वायरलेसवर पहिला नियम असतो. काय झालं ते नंतर, आधी कुठे आहेस ते सांग. १९९७ साली मी हे विसरले, आता दुरुस्त करते आहे.'

त्याखाली माझं उत्तर होतं. दोन ओळी. 'चाललंय ते चालू द्यावं. शब्दांना इस्त्री करायला माझ्याकडे वेळ नाही.'

त्याच्या खाली काहीच नव्हतं.

मी ते लिहिलं होतं याची मला आठवणसुद्धा नव्हती. त्या शरद ऋतूत मी नव्या नोकरीच्या मागे होतो, वडील आजारी होते, दिवसाला पन्नास मेल निपटायचो. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही उपयोगाचं नाही. त्या नाताळला तिचं दरवर्षीचं शुभेच्छांचं कार्ड आलं नाही, पुढच्याही नाही, तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं की माणसं लांब गेली की असंच होतं. तेरा वर्षं मी तेच म्हणत आलो. बायको एकदा म्हणाली होती, नॅडीनला फोन तरी कर. मी म्हणालो होतो, तिला वाटलं तर ती करेल.

फोन करायचं धाडस त्या दिवशीही झालं नाही. पण जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच परत घ्यावं एवढं कळत होतं. मी त्या तेरा वर्षांपूर्वीच्या मेललाच उत्तर लिहिलं, त्याच धाग्यात, म्हणजे त्याच पत्रमालिकेत. लिहिलं की हा पॅच बरोबर होता, मी तो न वाचताच नाकारला, आणि तसं करताना जे शब्द वापरले ते तिच्या कामाला शोभणारे नव्हते. त्यामुळे खाडीच्या काठावर एका बाईला तीनदा चुकीच्या चिखलात उतरावं लागलं. ड्रायव्हरमधली माणसाशी बोलणारी वाक्यं जिची आहेत, त्या नॅडीन प्रूइटची मी माफी मागतो.

ते पाठवलं आणि पाच मिनिटांत मशीनने परत आणून टाकलं. तिचा पत्ता बंद झाला होता.

लिस्टवर मात्र ते गेलं होतं. दोघातिघांनी एकेक ओळ लिहिली. माझ्यासारखंच काम करणाऱ्या एका जुन्या जर्मन मेंटेनरने विचारलं, तेरा वर्षांनी उत्तर देणं हा तुमच्याकडे नियम आहे का, म्हणजे मीही वाट बघतो. डेल्फीनने फक्त एवढंच लिहिलं की दहावा पॅच मी मागे घेते, ती वाक्यं कुणाची आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी मी पूल ओलांडून हॅनकॉकला गेलो. नॅडीनच्या भावाचं, लाइलचं, तिथे हार्डवेअरचं दुकान आहे. मी आधी उगाच एक फावडं घेतलं. मग तिचा नंबर मागितला.

लाइलने फावड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तेरा वर्षं, वेंडेल. आमच्याकडे बर्फसुद्धा मे महिन्यात वितळतो."

"तुला माहीत होतं?"

"ती इथे, याच काउंटरपाशी रडली होती," तो म्हणाला, आणि पावतीच्या मागे नंबर लिहून दिला. फावडं परत हुकाला टांगलं. "हे तुला नकोय. घरी जा आणि फोन कर."

घरी येऊन मी फोन केला. तिने उचलला. आवाज जरा खाली गेला होता, पण तोच. मी नाव सांगितलं.

"कुठून बोलतोयस?" तिने विचारलं.

"घरून. होटनहून. स्वयंपाकघरातून."

"बरं. आता सांग, काय झालं?"

मी सांगितलं. पॅच, खाडी, जुना धागा, माझं उत्तर. शेवटी मी माफी मागितली, तर म्हणाली, ते जाऊ दे, नंतर बघू, आधी ते चौदा पॅच मला वाचून दाखव. तिचे हात आता थरथरतात, टाइप करणं तिने सोडलं आहे, आणि पडद्याकडे फार वेळ बघवत नाही. म्हणून मी वाचायचं आणि तिने ऐकायचं असं ठरलं.

तीन शनिवार आम्ही तेच केलं. सकाळी दहाला मी फोन लावायचो, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवायचो आणि ओळ ओळ वाचत जायचो. जुना संदेश, नवा संदेश, आजूबाजूच्या चार ओळी. ती कधी हुं म्हणायची, कधी पुन्हा वाच म्हणायची. मधे तिचा नवरा विचारायचा की हे कसलं भजन चाललंय.

नववा पॅच मी आधीच ठीक म्हणून टाकलेला होता, त्यामुळे भराभरा वाचत होतो.

"थांब," ती म्हणाली. "ही ओळ कधी छापली जाते?"

"कार्ड सापडलं नाही तर."

"आणि तिच्याआधी कार्डाचं नाव छापायचं?"

"हो, नवी पद्धत तशीच..." म्हणता म्हणता माझी जीभ अडखळली.

"जे सापडलंच नाही त्याचं नाव कुठून आणणार, वेंडेल? नाव ठेवायच्या आधीच नावाने हाक मारतोयस तू."

तिचं बरोबर होतं. त्या ठिकाणी कार्डाची ओळख अजून भरलेली नसते. मशीन नाव शोधायला रिकाम्या जागी हात घालणार आणि तिथेच उताणं पडणार. डेल्फीनच्या मशीनमध्ये चारही कार्डं जागेवर होती, म्हणून तिला हे कधी दिसलं नाही. मी सत्तावीस वर्षांचा अनुभव घेऊन ती ओळ वाचली होती आणि ठीक म्हटलं होतं. ज्यांना लोक रंगरंगोटी म्हणतात त्या पॅचमध्ये असं काही लपलेलं असतं, आणि कंटाळलेल्या माणसाला ते दिसत नाही.

मग दहावा आला. मी नॅडीनला सांगितलं की ती ओळ राहते आहे, डेल्फीनने तो पॅच मागे घेतलाय. वाटलं, तिला बरं वाटेल.

"कोणती ओळ?"

"सगळं ठीक. ऐकतोय."

"ती अजून आहे तिथे? अरे काढ ती, बाबा."

मी म्हटलं, नौकाघरातला तो दिवस तुला आठवत नाही का.

"सगळा आठवतो. बोटं बधिर झाली होती माझी." ती खोकली, पाणी प्यायली. "ती ओळ मी का लिहिली? आपल्या दोघांनाच खात्री नव्हती की हे चालेल म्हणून. आता चालतंय. चालणाऱ्याने कशाला दर वेळी येऊन सांगायचं? त्या मुलीचं बरोबर आहे."

"मला ती आवडते," मी म्हणालो.

"तुला आवडते तर भिंतीवर लावून ठेव. लोकांच्या नोंदवहीत नको."

खिडकीबाहेर रोल्फच्या छपरावरून पाणी ठिबकायला लागलं होतं. मी फोन ठेवला आणि डेल्फीनला लिहिलं: दहावा पॅच परत घाला, मूळ लेखिकेची संमती आहे. नववा दुरुस्त करा, चूक तुमची असली तरी ती मी पास केली होती, तेव्हा अर्धी माझी. केबलबद्दलचं वाक्य मात्र राहू द्या.

डेल्फीनने दोन दिवसांत नवी आवृत्ती पाठवली. नवव्यात तिने त्या एका ओळीपुरती जुनीच पद्धत ठेवली होती आणि वर एक टीप लिहिली होती की इथे कार्डाला अजून नाव नाही. मी नॅडीनला ती टीपही वाचून दाखवली. तिला ती पसंत पडली. मग मी विचारलं, चौदाही पॅचवर 'तपासले' म्हणून तुझं नाव टाकू का.

"माझ्या हाताने टाइप केलेलं नाही, चालेल?"

"तुझ्या कानाने तपासलेलं आहे."

ती म्हणाली, मग टाक, पण माझ्या नावाच्या आधी टाकू नकोस तुझं. मी तिचं वर टाकलं. मार्चच्या अखेरीस ते सगळे पॅच मी पुढे पाठवले आणि मे महिन्यात ते ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सामील झाले. कालव्यातला बर्फ तेव्हा नुकता गेला होता.

जूनमध्ये मी थंडर बेला गेलो. तलावाला वळसा घालून जायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत जातो. नॅडीनने पांढऱ्या केसांची एक वेणी घातली होती आणि ती काठी घेऊन दारातच उभी होती. आम्ही गावातल्या फिनिश हॉटेलात पॅनकेक खायला गेलो. मी तिच्या पॅनकेकचे तुकडे करून दिले, तिने ते करू दिले. खाताना मी पुन्हा एकदा माफीचं काढलं, कारण फोनवर ते नंतर बघू म्हणून राहिलं होतं.

तिने काटा खाली ठेवला. "लिस्टवरचं तू लिहिलेलं लाइलने छापून पाठवलं मला. मी वाचलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या." मग ती म्हणाली, "मी तरी कुठे फोन केला, वेंडेल? तेरा वर्षं मीही वाटच बघत बसले. तूच करशील म्हणून."

तिचा नवरा बिल द्यायला उठला होता. खिडकीतून तलाव दिसत होता, इकडच्या बाजूने बघितला की तो वेगळाच वाटतो, जणू आपलं पाणीच नव्हे. नॅडीनने विचारलं की कालव्यावरचं ते नौकाघर अजून आहे का. मी म्हणालो, पाडलं, आता तिथे फ्लॅट आहेत. ती म्हणाली की त्या फ्लॅटवाल्यांना थंडीत खालून गार वारा लागत असणार, तिथे वारा खालूनच यायचा.

परत आल्यावर लिस्टवर डेल्फीनचे आणखी सहा पॅच आलेले होते, या वेळी ड्रायव्हरच्या दुसऱ्या फाइलसाठी. मी शनिवारची वाट बघितली.